नोटीसमध्ये 'शिवीगाळ' लिहिलंय, पण मी शिवी दिलीच नाही!

पत्र:

ताई नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वाघबीळच्या बाजूला. मूळ गाव लोणंदकडचं. आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये टँकरच्या बिलांवरून वाद झाला. मी बिलं दाखवा म्हणत होतो आणि सेक्रेटरी नंतर बघू, नंतर बघू करत होते. शेवटी माझा आवाज चढला आणि मी बोललो की "हिशोब द्यायला लाज वाटते का तुम्हाला, निर्लज्ज माणूस आहात, सगळा बिनडोक कारभार चाललाय, ए, बस खाली तू." एवढंच बोललो. आईबहीण काढली नाही, समोर लेडीज होत्या, माझी बायको होती. पुढच्या आठवड्यात लिफ्टजवळच्या बोर्डावर नोटीस लागली की "सदर सभासदाने पदाधिकाऱ्यांना अर्वाच्य भाषेत शिविगाळ केली, सात दिवसांत लेखी माफी मागावी, अन्यथा पोलीस तक्रार व सभासदत्व रद्द करण्याची कारवाई करण्यात येईल." ग्रुपवर पण टाकली. माझी मुलगी दहावीला आहे, ती नोटीस वाचून आली आणि मला म्हणाली, बाबा तुम्ही शिव्या दिल्या? मित्र म्हणतो की अपमान केला म्हणजे शिवीगाळच झाली. तसं असतं का? आणि यातला गाळ म्हणजे काय, चिखल? माफी मागू की नको मागू? हेच सेक्रेटरी आमच्या वॉचमनला रोज आईवरून बोलतात, त्याची नोटीस मात्र कधी लागली नाही.

उत्तर:

दादा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी ते तुमचं वाक्यच बाजूला काढलं, जे तुम्ही सभेत बोललात ते, आणि परत परत वाचलं. माझं मत स्पष्ट सांगते. तुम्ही त्या माणसाचा चारचौघांत अपमान केलात, हे नक्की. अरेतुरे केलंत तेही नको होतं. पण शिवीगाळ तुम्ही केलेली नाही, आणि 'अर्वाच्य भाषेत' तर अजिबातच नाही. नोटीसमधला शब्द चुकीचा आहे आणि तुम्ही तो मान्य करू नका.

आता गाळ. नाही, चिखलाचा काही संबंध नाही. विहिरीतला गाळ वेगळा आणि हा गाळ वेगळा, फक्त लिहायला सारखे. हा गाळ म्हणजे शिवीच. संस्कृतमध्ये गालि, हिंदीत गाली, आणि आपल्या मालवणीत आजही शिवीला गाळ म्हणतात, "गाळी घालू नको" असं तळकोकणातली कुठलीही आजी नातवाला म्हणते. घाटावरच्या आणि शहरातल्या मराठीत तो सुटा शब्द मागे पडला आणि शिवीच्या जोडीला तेवढा उरला. म्हणजे शिवीगाळ या शब्दात एकच गोष्ट दोनदा सांगितलीय, केरकचरा, बाजारहाट, दगडधोंडे हे शब्द कसे आहेत तसंच. आणि अशा जोडशब्दांत नेहमी एक 'बरंच काही, वगैरे वगैरे' असा अर्थ येतो बघा. घरात एक कागदाचा कपटा पडला तर आपण त्याला केरकचरा म्हणत नाही. तसंच तोंडातून एखादी शिवी निसटली तर मराठी माणूस म्हणतो "त्याने शिवी दिली" किंवा "शिवी हासडली". शिवीगाळ कधी म्हणतो, तर जेव्हा शिव्यांचा मारा चालू असतो, एकामागून एक, समोरच्याला उद्देशून, थांबत नाही असा. म्हणून तर तो शब्द बातम्यांत आणि पोलीस स्टेशनच्या कागदांत एकटा फार क्वचित दिसतो, शिवीगाळ आणि दमदाटी, शिवीगाळ आणि धक्काबुक्की, शिवीगाळ करून मारहाण असाच येतो. हे सगळे भांडण हातघाईवर येण्याच्या जवळपासचे शब्द आहेत.

लिहिण्याचंही सांगून टाकते, कारण तुम्हाला आता लेखी उत्तर द्यायचंय. शिवीगाळ, वी दीर्घ. नोटीसमध्ये 'शिविगाळ' आहे ते चूक. शब्द स्त्रीलिंगी, 'शिवीगाळ केली', 'शिवीगाळीचा आरोप'. शिवी देतात, घालतात, हासडतात, खातातसुद्धा, पण शिवीगाळ ही 'करतात', 'शिवीगाळ दिली' असं कोणी म्हणत नाही. जुन्या माणसांच्या तोंडी 'शिव्यागाळी' पण ऐकू येतं, तेही बरोबरच आहे.

तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र मला पटत नाही, आणि हे मी तुमची बाजू घ्यायची म्हणून बोलत नाहीये. अपमान करायचे आपल्याकडे इतके प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि तो वेगळा आहे कारण प्रत्येकाचा घाव वेगळा असतो. टोमणा मारणं, टोचून बोलणं, तोडून बोलणं, झापणं, खरडपट्टी काढणं, पाणउतारा करणं, वाट्टेल ते बोलणं, तोंड सोडणं, अपशब्द वापरणं, शिवी देणं, सात पिढ्यांचा उद्धार करणं. बॉसने मीटिंगमध्ये झापलं आणि बॉसने मीटिंगमध्ये शिवीगाळ केली, या दोन वाक्यांमधला फरक ऑफिसमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा. पहिल्यात आपण घरी येऊन चिडचिड करतो, दुसऱ्यात एचआरकडे जातो. हे सगळं एकाच शब्दात कोंबलं तर ज्या माणसाला खरंच शिवीगाळ झालीय त्याने सांगायचं कुठल्या शब्दात?

मग शिवी म्हणजे नेमकं काय, अपशब्द कुठे संपतो आणि शिवी कुठे सुरू होते, याची पट्टी घेऊन मोजता येईल अशी रेघ नाही हे मी मान्य करते. तरी लोक साधारण कशाला शिवी म्हणतात ते बघा ना. आईबहिणीवरून बोलणं, जन्मावरून, बापावरून संशय घेणं, शरीराच्या अवयवांवरून, बाईच्या चारित्र्यावरून, जातीवरून, एखाद्याच्या अपंगत्वावरून. थोडक्यात ज्याचा मुद्द्याशी काडीचा संबंध नाही आणि जे फक्त समोरच्याला खाली पाडायला, घाण वाटायला लावायला उच्चारलं जातं ते. गाढव, कुत्रा, डुक्कर हे कुठल्या घरात शिवी धरतात, कुठल्या घरात नाही. 'बिनडोक कारभार' हे तर माणसाला उद्देशूनही नाही, कारभाराला आहे, आणि ज्या कारभाराची बिलं दाखवली जात नाहीत त्याबद्दल सभासदाने कडक बोलणं हे सभेत चालायलाच हवं. 'लाज वाटते का' हा प्रश्न आहे, टोचणारा आहे, पण प्रश्न आहे. राहिला 'निर्लज्ज माणूस'. तो शब्द माणसावर आहे, त्याच्या स्वभावावर आहे, आणि तो तुम्ही त्याच्या बायकोमुलांच्या शेजाऱ्यांसमोर उच्चारलात. मी त्याला अपशब्द म्हणेन. शिवी नाही म्हणणार.

आणि अर्वाच्य! हा शब्द नोटीस लिहिणाऱ्याने सवयीने टाकलाय असं मला वाटतं, कारण सरकारी मराठीत 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ' हे शब्द जोडीनेच येतात. अर्वाच्य म्हणजे उच्चारू नये असं, जे चार माणसांत परत बोलून दाखवायची लाज वाटेल असं. यावरून एक साधी टेस्ट निघते. कमिटीला म्हणा, मी जे बोललो ते जसंच्या तसं मिनिट्समध्ये लिहा. तुमचं वाक्य लिहायला कोणालाही लाज वाटणार नाही, दहावीतली मुलगीसुद्धा ते मोठ्याने वाचू शकते, मग ते अर्वाच्य कसं?

तुम्ही लोणंदकडचे म्हणालात आणि त्या भागात आवाज मोठा असतो असं तुमच्या मनात असणार, म्हणून एक सांगते. तुमच्याच बाजूला, साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांना उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार, तुम्हाला माहीतच असेल. हलगी वाजत असते, हातवारे चालू असतात, लांबून लोक बघायला येतात, आणि संपलं की संपलं, त्यावरून कोणी कोणाशी वैर धरत नाही. तिथे ज्या शिव्या असतात त्या शब्दांनी बघायला गेलं तर तुमच्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त अर्वाच्य. पण ती शिवीगाळ केली अशी तक्रार कोणी करत नाही, कारण दोन्ही काठांना माहीत असतं की हे काय चाललंय आणि दोन्ही काठांच्या हातात सारखाच अधिकार असतो. कोकणात 'मेल्या' म्हणून हाक मारली तर ते प्रेम असू शकतं. आपल्या ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या आगरी-कोळी बोलीत मोठ्या माणसालाही सहज 'तू' म्हणतात आणि त्यात अपमान नसतो, बाहेरून आलेल्यांना उगाच वाटतं की हे लोक भांडतायत, मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण ज्यांच्या जमिनीवर हे टॉवर उभे आहेत त्यांच्याच बोलीला उद्धट ठरवलं जातं. पण दादा, तुमचं 'ए, बस खाली तू' यातलं नव्हतं. तुम्ही आधी 'तुम्ही' म्हणत होतात आणि रागाच्या भरात मुद्दाम 'तू'वर आलात. बोलीतला तू आणि तुम्हीवरून खाली आणलेला तू, हे वेगळे. ते त्या माणसाला लागलं असणार. मलाही लागलं असतं.

आता पोलीस तक्रारीची धमकी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यातलं कलम ३५२ हे हेतुपुरस्सर अपमानाचं, जे आधी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ५०४ होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, ऐकायला भीतीदायक आहे. पण कलम नीट वाचा. नुसता अपमान पुरत नाही, अपमान असा हवा की समोरचा भडकून शांतता भंग करेल, आणि बोलणाऱ्याचा तसा इरादा हवा किंवा तसं होईल याची त्याला जाणीव हवी. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ५०४ बद्दल हे स्पष्ट सांगितलंय. त्याच निकालात असंही आहे की तक्रारीत शब्दन् शब्द जसाच्या तसा असायलाच हवा असं नाही, प्रसंग काय होता, कोणाला उद्देशून, कुठल्या पद्धतीने बोललं गेलं हे सगळं मिळून बघायचं. म्हणजे हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्या, "मी अमुक शब्द उच्चारलाच नाही" एवढ्यावर माणूस सुटतो असं नाही. पण तुमच्या प्रसंगात काय आहे, तर हिशोबाची सभा, हिशोब मागणारा सभासद आणि उत्तर न मिळाल्याने चढलेला आवाज. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करतील, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करणार नाहीत. कोणी एनसी करून आलं तर घाबरून जाऊ नका, तिची कॉपी मागून ठेवा आणि गरज पडली तर वकिलाला दाखवा.

सभासदत्व रद्द करण्याचं तर नोटीस लिहून होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३५, त्यासाठी जनरल बॉडीत हजर असलेल्या, मताचा अधिकार असणाऱ्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश लोकांचा ठराव लागतो, आधी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि त्यावर रजिस्ट्रारची मंजुरी लागते. एका तापलेल्या वाक्यावर हे होईल असं मला वाटत नाही.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत जे लिहिलंय, वॉचमनचं, त्यावर मला जास्त बोलायचंय. तुम्ही ते सेक्रेटरींच्या विरोधातला पॉईंट म्हणून लिहिलंत. पण तो पॉईंट नाहीये हो, ती खरी शिवीगाळ आहे. रोज, आईवरून, अशा माणसाला जो उलट एक शब्द बोलू शकत नाही कारण बोलला तर उद्यापासून एजन्सी दुसरा माणूस पाठवेल. मगाशी मी शिवीगाळीचा जो अर्थ सांगितला, मारा, एकामागून एक, समोरच्याला उद्देशून, तो सगळा इथे बसतो. आणि गंमत म्हणून नाही, वाईट वाटून सांगते, की या शहरातल्या कितीतरी सोसायट्यांत याला 'ओरडणं' म्हणतात, 'जरा बोललो त्याला' म्हणतात. वॉचमन, हाऊसकीपिंगवाल्या मावशी, डिलिव्हरीचा मुलगा, रिक्षावाला. वरच्या माणसाला निर्लज्ज म्हटलं की शिवीगाळ, आणि खालच्या माणसाची आई काढली की ओरडणं. शब्दाची व्याख्या कोण करतंय यावर ती अशी बदलत असेल तर मग तो शब्द कोणाच्या कामाचा? तुम्ही वॉचमनशी एकदा बोला, त्याला विचारा त्याला काय हवंय, त्याच्या वतीने परस्पर काही करू नका कारण नोकरी त्याची जाईल, तुमची नाही. त्याला चाललं तर कमिटीला वेगळं पत्र द्या, सोसायटीत काम करणाऱ्या कोणाशीही शिवीगाळ करायची नाही असा ठराव पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या म्हणून. आणि त्या बोलण्यात कधी त्याच्या जातीचं नाव येत असेल तर ते प्रकरण फार वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या समाजाबाहेरच्या कोणी चारचौघांसमोर जातीच्या नावाने शिवी दिली तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो आणि तिथे एनसीवर भागत नाही. पण हे वॉचमनचं पत्र तुमच्या माफीच्या पत्रात मिसळू नका. मिसळलंत तर लोक म्हणतील स्वतः अडकला म्हणून वॉचमन आठवला.

माफीचं असं करा. जे बोललात तेवढ्याचीच मागा, आणि ते मनापासून मागा. मी कच्चा मसुदा देते, तुमच्या भाषेत बदला:

"दि. ... च्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलांची मागणी करताना मी सेक्रेटरींना 'निर्लज्ज' म्हणालो आणि एकेरीत बोललो. हे दोन्ही मी करायला नको होतं, त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. मी कोणतीही शिवी दिलेली नाही. नोटीसमधील 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ' हे शब्द वस्तुस्थितीला धरून नाहीत, ते मागे घ्यावेत आणि मी जे बोललो ते जसेच्या तसे इतिवृत्तात नोंदवावे. टँकरच्या बिलांची माझी मागणी कायम आहे."

शेवटचं वाक्य काढू नका, काही झालं तरी. घोडबंदर रोडवर टँकरचा खर्च म्हणजे प्रत्येक घराचा खर्च आहे, आणि या शिवीगाळीच्या गोंधळात तो प्रश्नच बाजूला पडलाय. कमिटीला कदाचित तेच हवं असेल, कदाचित नसेल, मी तिथे नव्हते. पण बिलं अजून कोणी बघितलेली नाहीत एवढं तुमच्या पत्रावरून दिसतंय. बदनामीची केस करू का असा विचार तुमच्या डोक्यात आला असेल तर सध्या नको, आधी पत्राला उत्तर काय येतं ते बघा. बोर्डावरच्या नोटीसचा फोटो आणि ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा. ग्रुपवर वाद घालू नका, तिथे रात्री अकराला लिहिलेलं एक वाक्य तुमचं हे सगळं पत्र पुसून टाकेल.

मुलीला काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच सलतंय. तिला हे पत्र पाठवायच्या आधी वाचायला द्या. मी काय बोललो, त्यातलं काय चुकलं, आणि जे केलं नाही ते मी का मान्य करत नाहीये, हे सगळं त्यात आहे, वेगळं समजावायची गरज पडणार नाही. ती दहावीची आहे, तिला शिवी आणि अपमान यातला फरक चांगला कळतो, आणि शुद्धलेखनही ती आपल्या दोघांपेक्षा बरं तपासेल.

मग दोन प्रिंट काढा, सोसायटी ऑफिसमध्ये द्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. घेत नाही म्हणाले तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. सात दिवस लिहिलेत ना नोटीसमध्ये, त्याच्या आत जाऊ दे.